गाडी माझीच चोरीला गेली होती. यादीतून त्याचं नाव काढा, हेही मीच म्हणतोय

प्रति,
सीमाभागातल्या पोलीस ठाण्यांचे अधिकारी,
आणि त्यांच्या पाठोपाठ आमचे मराठी संपादक, मुख्याध्यापक आणि गणेशोत्सव मंडळांचे अध्यक्ष यांस,

सप्रेम नमस्कार.

२०२१ साली दिवाळी झाल्यावर माझी स्प्लेंडर चोरीला गेली. बेळगावच्या उद्यमबागेत माझं दोन लेथ आणि एका मिलिंग मशीनचं लहानसं जॉबवर्कचं शॉप आहे, त्याच्या गेटसमोरून. तिसऱ्या दिवशी गाडी राकसकोपच्या वाटेवर सापडली. टाकीत पेट्रोलचा थेंब नव्हता, एक आरसा फुटला होता आणि सीटच्या शिवणीत चिरमुरे अडकले होते. तीन पोरं होती. दोन सोळाची, एक पंधराचं. तक्रार मी दिली होती. "पोरं आहेत, समज देऊन सोडायचं काय?" असं एका हवालदाराने विचारलं, तेव्हा "अजिबात नाही, अद्दल घडली पाहिजे" म्हणणाराही मीच.

हे आधी सांगून टाकतो, कारण पुढचं वाचताना कोणीतरी म्हणणारच, याचं काय जातंय बोलायला, स्वतःचं काही गेलं असतं म्हणजे कळलं असतं. माझं गेलं होतं.

त्या तिघांतला एक आज वीस वर्षांचा आहे आणि माझ्याच शॉपमध्ये लेथवर उभा असतो. त्याचं नाव इथे लिहीत नाही. माझंही लिहिणार नाही, कारण माझ्या नावावरून त्याचं शोधायला आमच्या गल्लीत पाच मिनिटं पुरतात.

यंदा गणपतीच्या आठ दिवस आधी सकाळी साडेदहाला युनिफॉर्ममधला एक पोलीस शॉपच्या दारात आला. मशीनच्या आवाजावर आवाज चढवून त्याने पोराचं नाव घेतलं आणि म्हणाला, "बा इल्ली." म्हणजे इकडे ये. पोराने मशीन बंद केलं. चकमध्ये, म्हणजे मशीनच्या पकडीत, जॉब अर्धा टर्न झालेला, तसाच राहिला. त्याने कॉटन वेस्टला हात पुसले आणि माझ्याकडे न बघता निघून गेला.

परत आला तो दुपारी साडेतीनला. रावडी परेड होती, म्हणाला. म्हणजे पोलिसांच्या रजिस्टरात गुंड म्हणून ज्यांची नावं आहेत, त्यांची सणाआधीची हजेरी.

खोदून खोदून विचारल्यावर तुकड्या-तुकड्यांनी कळलं ते असं. आवारात पन्नास-साठ जण रांगेत. प्रत्येकाने नाव, पत्ता, धंदा, मोबाइल नंबर मोठ्याने सांगायचा. मग समोरून एक फोटो, बाजूने एक. याच्या डाव्या हाताला उभा असलेला माणूस हाफ मर्डरमध्ये आत जाऊन आलेला. "येनु केस?" असं विचारल्यावर पोराने मान खाली घालून "बाइक" म्हणून सांगितलं, तर रांगेतली माणसं हसली. सुटताना त्या डावीकडच्याने याच्या पाठीवर हात टाकला. "बाइकसाठी उभं केलं व्हय रे तुला? काय लागलं तर सांग. नंबर घे माझा."

विसर्जनाच्या आदल्या रात्री त्या नंबरावरून मेसेज आला. पोराने दुसऱ्या दिवशी सकाळी मला दाखवला. उद्या आमच्यासोबत राहा, जेवणाचं-बिवणाचं आम्ही बघतो, एवढाच मजकूर. मी म्हटलं, ब्लॉक करून टाक. तो म्हणाला, "मालक, ब्लॉक केला तर इथं येईल की तो."

साहेब, हे पत्र त्या मेसेजमुळे लिहायला घेतलंय.

माझी पुतणी धारवाडला समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. करते. तिला हे सांगितलं तेव्हा तिने मला २०१५ चा बाल न्याय कायदाच आणून दिला आणि वर म्हणाली, "काका, कलम १२ आधी वाचा." अठराच्या आतल्या मुलाला जामीन द्यायचा हा या कायद्याचा नेम आहे, गुन्हा जामीनपात्र असो वा नसो. नाकारायचा असेल तर कारणं तीनच, आणि त्यातलं पहिलं म्हणजे सोडल्यावर मूल ओळखीच्या गुन्हेगाराच्या संगतीला लागण्याची शक्यता. म्हणजे कायद्याला सगळ्यात आधी धास्ती संगतीची आहे. त्या पोराला दोन सोबती होते, तेही त्याच्याएवढेच बावळट. चिरमुरे खात गाडी फिरवणारे. खऱ्या गुन्हेगाराशी त्याची गाठ आयुष्यात पहिल्यांदा पडली ती विसाव्या वर्षी, ठाण्याच्या आवारात. घालून दिली ती सरकारने.

आता मूळ मुद्द्यावर येतो. तुमच्यातल्या पुष्कळ जणांचं एक म्हणणं असतं, आणि ते खोटं नाही. म्हणजे असं की, साहेब, आज जे सराईत आहेत ते सगळे पोरपणापासूनच तसे होते. हिंडलग्याच्या जेलमध्ये जाऊन कुणालाही विचारा, चौदा-पंधराव्या वर्षी काही ना काही केलेलं निघेल. म्हणून पोरांवर आतापासूनच नजर ठेवलेली बरी.

माझ्या धंद्यात याच चुकीने माल भंगारात जातो. फाउंड्रीतून आलेलं जे कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, रिजेक्ट होतं, त्याला कुठेतरी ब्लोहोल, म्हणजे हवेचं भोक, असतं हे खरं. पण ब्लोहोल दिसलेलं प्रत्येक कास्टिंग रिजेक्ट होत नाही. पुष्कळदा वरचा दोन मिलिमीटर थर काढला की खाली धातू घट्ट लागतो. नवा हेल्पर ब्लोहोल दिसलं की जॉब बाजूला फेकतो. जुना टर्नर आधी एक कट घेऊन बघतो.

मोठेपणच्या गुन्हेगारापासून मागे बघत गेलात तर पोरपणाची खोडी जवळजवळ हमखास सापडते. खोड्या करणाऱ्या पोरांपासून पुढे बघत आलात तर निम्म्याहून जास्त पोरं सरळ लागलेली दिसतात. अमेरिकेत ली रॉबिन्स नावाच्या बाईंनी सेंट लुईसमधल्या मुलांचा मोठेपणापर्यंत माग काढला आणि हेच दाखवून दिलं. रजिस्टर नेहमी मागे बघून लिहिलेलं असतं, आणि वापरताना मात्र ते पुढे बघायला वापरतात.

१९४५ साली जन्मलेल्या आणि फिलाडेल्फिया शहरात वाढलेल्या ९,९४५ मुलग्यांचा पोलिसांशी आलेला सगळा संबंध मार्विन वुल्फगँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासला. अठराव्या वर्षापर्यंत ३,४७५ जणांचं नाव पोलिसांत एकदा तरी गेलं होतं, म्हणजे तिघांतल्या एकाचं. त्यातले १,६१३ पुन्हा कधी दिसलेच नाहीत. पाच किंवा त्याहून जास्त वेळा आलेले फक्त ६२७, आणि एकूण गुन्ह्यांतले निम्म्याहून थोडे जास्त या एवढ्यांच्या नावावर. फिलाडेल्फिया म्हणजे काही शहापूर-वडगाव नव्हे, मान्य. पण त्या वयाचं वारं सगळीकडे सारखंच असतं. आपल्याकडे २०२२ साली देशभरात अल्पवयीन मुलांनी केले म्हणून ३०,५५५ गुन्हे नोंदले गेले आणि पकडलेल्या दहांतली जवळजवळ आठ मुलं सोळा ते अठराची होती. त्या वयात आलेख चढतो आणि विशी ओलांडली की आपोआप उतरायला लागतो. मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये याची दोन गटांत फोड केली. एक गट लहानपणीच सुरू होतो आणि थांबत नाही. तो लहान असतो. दुसरा मोठा, मिसरूड फुटताना वाट सोडणारा आणि मिशी आली की वाटेवर येणारा.

मग दुसऱ्या गटातलं एखादं पोर पहिल्यासारखं का होऊन बसतं? पुतणीने मला मॉन्ट्रियलच्या गरीब वस्त्यांतल्या मुलांचा अभ्यास समजावून सांगितला. तिथे असं दिसलं की, सारख्याच वागणुकीच्या मुलांत ज्यांना बाल न्याय यंत्रणेचा हात लागला, त्यांची मोठेपणी गुन्ह्यात सापडण्याची शक्यता वाढली, आणि हात जितका जड, तितकी जास्त. उलट बाजूने, सुधारगृहांत गेलेली बॉस्टनची पाचशे मुलं, ज्यांच्या फायली सॅम्पसन आणि लॉब यांनी पुन्हा उघडल्या आणि पार सत्तरीपर्यंत पाठपुरावा केला, त्यांतल्या सुटलेल्यांना सोडवलं कशाने? टिकाऊ कामाने, चांगल्या संसाराने, जुन्या टोळक्यापासून तुटण्याने. आमच्या उद्यमबागेच्या भाषेत सांगायचं तर पाळी, पगार आणि बायको.

त्या पोराला मी पाळी आणि पगार दिला होता. परेडने त्याला टोळकं दिलं.

आणि मीही काही फार मोठा नाही. त्या दिवशी संध्याकाळी सगळे गेल्यावर मी टूल रूममधले व्हर्निअर, म्हणजे मापं घ्यायची साधनं, एकेक करून मोजले. सगळे होते. दोन वर्षं तो माझ्याकडे आहे, कधी एक इन्सर्ट इकडचा तिकडे झाला नाही, तरी एका युनिफॉर्मने दारात नाव घेतल्याबरोबर मी मोजायला बसलो. दुसऱ्या दिवशी शेजारच्या मशीनवरच्याने आपल्या टूलबॉक्सला कुलूप घातलेलं मी पाहिलं, आणि त्याला काही बोलायला मला तोंड उरलं नव्हतं.

आता माझ्या तक्रारी. ज्या ठाण्यात, ज्या कार्यालयात हे झालं त्यांची नावं घेत नाही. एका माणसाला बोल लावून हा प्रश्न सुटणारा नाही.

पहिली गोष्ट वयाची. पहिल्या दिवशी कागदावर त्याचं वय अठरा पडलं होतं. अंगापिंडाने थोराड दिसतो म्हणून. आई दुपारी धावत आली, प्लास्टिकच्या कॅरीबॅगमध्ये रेशन कार्ड, आधार आणि शाळेचा दाखला घेऊन. दाखल्यावर जन्मतारीख एक जून. हे बघून तिथला एक जण हसला, कारण आमच्याकडे निम्म्या वर्गाचा वाढदिवस एक जूनलाच असतो. नाव घालताना गुरुजींनी टाकलेली तारीख. पण कायदा त्याच कागदाला आधी मानतो. आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर नगरपालिकेचा जन्मदाखला, काहीच नसेल तर वैद्यकीय तपासणी. अंगापिंडावरून कोणाला मोठा ठरवा, असं त्यात कुठेही नाही.

दुसरी, गुन्हा नोंदवण्याची. केंद्राचे २०१६ चे नमुना नियम म्हणतात की, सात वर्षं किंवा त्याहून जास्त किमान शिक्षेचा घोर गुन्हा असेल किंवा मुलासोबत मोठा माणूस सामील असेल, तरच एफआयआर. बाकी वेळी स्टेशन डायरीत नोंद करायची आणि मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल जोडायचा. माझ्या गाडीच्या प्रकरणात एफआयआर झाला. मीच मागितला होता. नियम मला माहीत नव्हता. ज्यांना माहीत असायला हवा होता, त्यांनी मला सांगितला नाही. मुलाशी बोलणारा पोलीस साध्या वेशात असावा, हेही त्याच नियमांत आहे.

तिसरी गोष्ट भाषेची, आणि इथे मला जरा थांबायचंय.

बाल न्याय मंडळासाठी चौकशी करणारा अधिकारी मुलाच्या घरच्यांशी बोलून पंधरा दिवसांत सामाजिक अहवाल देतो. मुलाचं पुढे काय करायचं ते पुष्कळसं त्या अहवालावर ठरतं. त्या दिवशी फिर्यादी म्हणून मला बोलावलं होतं, म्हणून मी तिथेच बाकावर बसलो होतो. अधिकारी कन्नडमधून विचारत होते, तिथला शिपाई मराठीत सांगत होता. मुलाची आई चार घरची धुणीभांडी करते. तिला विचारलं, पोरगा ऐकतो का. ती म्हणाली, "मी घरात असताना ऐकतंय की साहेब. मी कामावर गेल्यावर कुणाचं ऐकणार, घरात हाय कोण?" शिपायाने त्याचं कन्नड केलं, "मातु केळुवुदिल्ल." पोरगा ऐकत नाही. तेवढंच लिहिलं गेलं.

मला धंद्यापुरतं चांगलं कन्नड येतं, लिहिता-वाचताही येतं. मी उठून म्हटलं, ती तसं म्हणाली नाही. अधिकारी चांगले होते, त्यांनी खोडून पुन्हा लिहिलं. पण मी तिथे नसतो तर? एका बाईचं मोकळं घर हे तिचं दुःख होतं, ते कागदावर तिच्या पोराचा अवगुण झालं असतं. आणि त्याच्याखाली तिनेच निळ्या शाईचा अंगठा दिला असता.

हा कन्नड-मराठी वाद नाही, कृपा करून तिकडे नेऊ नका. जतच्या कन्नड घरातल्या पोराला सांगलीत मराठी कागदावर अंगठा द्यायला लावला, तर तिथेही मी हेच लिहीन. कायद्याच्या कलम ८ मध्येच लिहिलंय की मुलाला कामकाजाची भाषा समजत नसेल तर बाल न्याय मंडळाने पात्र दुभाषी द्यायचा, त्याला मानधन देऊन. शिपाई हा दुभाषी नव्हे. त्या बिचाऱ्याला चहाही आणायचा होता.

चौथी गोष्ट रजिस्टरची. प्रकरण संपलं. समज दिली, काही दिवस सेवा करायला लावली, फाइल बंद. कायदा म्हणतो की यानंतर त्या गोष्टीमुळे मुलावर कुठलीही अपात्रता येत नाही. नोंदी मुदतीपुरत्या सुरक्षित ठेवायच्या आणि मग नष्ट करायच्या. बंद झालेल्या प्रकरणाची माहिती पोलिसांनी कॅरेक्टर सर्टिफिकेटसाठीसुद्धा द्यायची नाही. मग अठरा पूर्ण झाल्यावर तेच नाव दुसऱ्या यादीत कसं उगवतं? सण आला की त्याच यादीवरून शांतता राखण्याचा बाँड. त्याला आम्ही अजून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलमावरून '१०७' म्हणतो, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १२६. ज्या पोराने चार वर्षांत सिग्नल तोडला नाही, त्याच्याकडून कसल्या शांततेची हमी घेताय?

तुमच्या बाजूनेही बोलतो. सगळी पोरं माझ्या पोरासारखी नसतात. डिसेंबर २०१२ मधल्या दिल्लीच्या प्रकरणात एक आरोपी अठराच्या आतला होता, आणि त्यानंतरच सोळा ते अठराच्या मुलाला घोर गुन्ह्यात प्रौढासारखं चालवायची वाट २०१५ च्या कायद्याने उघडली. त्यावर मला आज वाद घालायचा नाही. गणपतीत तलवार काढणारा आणि पेट्रोल संपेपर्यंत गाडी फिरवणारा यांना एका रांगेत उभं करू नका, एवढंच माझं म्हणणं आहे.

आणि नजर ठेवायचीच असेल तर ती दहा वर्षांच्या पोरावर ठेवा. फिलाडेल्फियातले ते ६२७ बहुतेक लवकर सुरू झालेले होते. आमच्याकडे तसा पोरगा कोण असतो हे गल्लीतल्या दुकानदारालाही सांगता येतं: बाप पिऊन मारणारा, शाळा चौथी-पाचवीतच सुटलेली, दिवसभर भंगाराच्या वजनकाट्यापाशी घुटमळणारा. तांब्याची वायर त्याच्याकडून विकत घेणारा माणूस मोठा असतो. चोर्ल्याच्या रस्त्याने गोव्याची दारू स्कूटरवरून आणायला सतरा वर्षांचा पोरगा पाठवणाराही मोठाच असतो. पकडला तरी पोरगं सुटेल हा त्याचा हिशेब. मुलाला बेकायदा कामाला लावणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांचा दंड आहे, त्याच बाल न्याय कायद्याचं कलम ८३. पोरं पकडल्याच्या बातम्या मी नेहमी वाचतो. त्यांच्याकडून माल घेणाऱ्याला या कलमाखाली आत घातल्याची बातमी मी तरी वाचलेली नाही.

आता आपल्याच माणसांशी दोन शब्द.

संपादक महाशय, "दुचाकी चोरांची टोळी गजाआड" हा मथळा आमच्या प्रकरणाचा होता. टोळी म्हणजे ती तीन पोरं. नावं छापली नाहीत, चेहरे पुसट केले, हे खरं. पण गल्ली छापली, मुलाची शाळा छापली आणि टी-शर्ट जसाच्या तसा. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला कळलं. कलम ७४ नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कुठलाही तपशील छापायला मनाई करतं; सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

मुख्याध्यापक सर, त्या बातमीनंतर चौथ्या दिवशी त्याच्या आईच्या हातात दाखला दिला गेला. "दुसरीकडे बघा, इथे बाकीच्या पालकांची ओरड होते." दहावीची परीक्षा पाच महिन्यांवर होती. तो नंतर बाहेरून बसला आणि पास झाला, पण मधलं एक वर्ष तो चौकात बसून होता. त्या वर्षात तो कुठल्या टोळक्याला लागला नाही, हे त्याच्या आईचं नशीब. शाळेचं त्यात काही नाही.

मंडळाच्या अध्यक्षांनो, तुमच्यापैकी एकाने मला फोन करून सांगितलं की वाट चुकलेल्या मुलांना हिंडलग्याला नेऊन जेल आतून दाखवूया, म्हणजे घाबरतील. हेतू चांगला आहे. पण १९७० च्या दशकात न्यू जर्सीच्या रावे तुरुंगात नेमकं हेच करून पाहिलं, आणि नंतरच्या तपासण्यांत न नेलेल्या पोरांपेक्षा नेलेली पोरं जास्त बिघडलेली आढळली. मंडळाच्या कामात घ्यायचं तर एकेकाला घ्या, हिशेबाला बसवा, ढोल शिकवा, पण 'चुकलेल्यांचा ग्रुप' करू नका.

आणि आपण सगळेच. १९८६ च्या जूनमध्ये मी पंधरा वर्षांचा होतो. कन्नडसक्तीच्या आंदोलनात मीही एका बसवर दगड भिरकावला, काच फुटली, मी पळालो. सापडलो नाही. आज ती गोष्ट मी चहाच्या टपरीवर छाती फुगवून सांगतो आणि लोक ऐकतात. त्या दिवसांत गोळ्या खाऊन गेलेल्यांशी माझी तुलना करत नाही, त्यांची जागा वेगळी. पण त्या दिवशी कोणी माझी गचांडी धरली असती आणि तेव्हापासून दर गणपतीला मला रांगेत उभं केलं असतं, तर आज हे शॉप नसतं, आणि त्या पोराला कामावर घ्यायला मीही नसतो.

मागण्या थोड्याच आहेत.

अठराच्या आतल्या प्रकरणावरून ज्यांची नावं रावडी यादीत आली आहेत आणि नंतर ज्यांच्यावर काहीच नाही, त्यांची नावं पुढच्या गणपतीच्या आत काढा, आणि काढल्याचं पत्र द्या. तोंडी "काढलं जा" चालणार नाही. पुढचे साहेब बदलून आले की तोंडी गोष्ट राहत नाही.

तोवर कोणाला बोलवायचंच असेल तर फोन करा. कामाच्या ठिकाणी किंवा शाळेत युनिफॉर्म पाठवू नका.

मराठी दुभाष्यांची यादी करा. शहरात निवृत्त शिक्षक, वकील, पोस्टमास्तर ढिगाने आहेत ज्यांना दोन्ही भाषा पाणी आहेत. अहवाल आईबापाला त्यांच्या भाषेत वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घेऊ नका.

पोरांकडून चोरीचा माल घेणाऱ्या आणि त्यांना दारूच्या फेऱ्या मारायला लावणाऱ्या मोठ्या माणसांवर कलम ८३ लावा.

संपादकांनी गल्ली, शाळा आणि बापाचा धंदा छापणं बंद करावं. शाळांनी पोलिसांत नाव गेलं म्हणून दाखला हातात देऊ नये. आणि माझ्यासारख्या शॉपवाल्यांनो, अठरा झाल्यावर एकेक तरी घ्या. व्हर्निअर मोजायचे तर मोजा, पण घ्या.

त्या दिवशी चकमध्ये राहिलेला जॉब त्याने परत आल्यावर पूर्ण केला. साडेतीनला उभा राहिला आणि सातला संपवला, जेवला नव्हता. दोन पीस अंडरसाइज गेले, एरवी त्याचे जात नाहीत. पार्टीला मी फोन करून सांगितलं की मशीन बिघडलं होतं.

नाव काढल्याचं पत्र कन्नडमध्ये आलं तरी चालेल. त्याच्या आईला मी वाचून दाखवीन, शब्द न् शब्द.

आपला,
चोरीला गेलेल्या गाडीचा मालक
उद्यमबाग, बेळगाव